पावसाळ्यात तट्टांची निगा व शिक्षण

पेण आणि रोहे हे रायगड जिल्ह्यातील दोन्ही तालुके भाताचे आहेत. खाडीलगत बांधांच्या आतील खार जमीन, मधल्या पट्ट्यात भाताची खाचरे आणि त्यांच्यावर डोंगरउताराची वरकस जमीन, अशी येथील साधारण रचना आहे. खाचरातील चिखलणीचे काम पूर्वापार बैलांनी व रेड्यांनी केले. पुढे त्यांच्या जोडीस यंत्रे आली. या कामात घोड्याला फारसे स्थान कधीच नव्हते. त्यामुळे या भागात घोडी बाळगणारी कुटुंबे थोडी आहेत; परंतु ज्या घरी घोडी किंवा तट्टू आहे, त्या घरी ते शेतीचे जनावर नसून रोख मिळकतीचे साधन आहे. लग्नाची वरात, मिरवणुकीतील बग्गी, शेजारच्या अलिबाग व मुरूड तालुक्यांतील समुद्रकिनाऱ्यावरील घोडागाडी, अशी त्याची कामे आहेत. याच जिल्ह्यातील माथेरान येथे मोटारींना बंदी असल्यामुळे प्रवासी व सामान नेण्यास घोड्यांचा उपयोग आजही होतो. तेथे ई-रिक्षा आल्या तरी घोड्याचे महत्त्व संपलेले नाही.

या सर्व कामांत एक गोष्ट समान आहे. काम उन्हाळ्यात व हिवाळ्यात मिळते आणि पावसाळ्यात ते बहुतेक थांबते. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत येथे ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. जनावर गोठ्यात बांधलेले राहते व मालक लावणीच्या घाईत असतो. मिळकत नाही म्हणून लक्षही नाही, असा क्रम सुरू होतो. नंतर दिवाळीच्या सुमारास पहिले गिऱ्हाईक येते आणि चार महिने उभे असलेले जनावर एका दिवसात कामाला जुंपले जाते. त्या वेळी ते लंगडते, त्याच्या पाठीस जखमा होतात, कधी पोटशूळाने ते आडवे पडते. दोष त्या दिवसाच्या कामाला दिला जातो. परंतु नुकसान बहुधा आधीच्या चार महिन्यांत झालेले असते. या लेखाचा मुख्य मुद्दा हाच आहे की, घोड्याची खरी परीक्षा कामाच्या दिवसांत नसून बेकारीच्या दिवसांत असते. काम थांबले तरी निगा थांबता कामा नये. मात्र निगेचा प्रकार बदलला पाहिजे.

पावसाळ्यापूर्वीची तयारी

मे महिन्याच्या अखेरीस जागा, वैरण आणि जनावर या तीन गोष्टींची व्यवस्था पुरी करावी.

जागेच्या बाबतीत ओल हा पहिला शत्रू समजावा. तबेल्याचे जोते भोवतालच्या जमिनीपेक्षा निदान दीड ते दोन फूट उंच असावे. एका तट्टाला सुमारे दहा फूट लांब व दहा फूट रुंद जागा पुरते. जमिनीला मागील बाजूस थोडा उतार देऊन मुताची नाली काढावी. छपराची वळचण पुरेशी पुढे आणावी. तथापि भिंती चारी बाजूंनी बंद करू नयेत. झड अडविण्यासाठी पश्चिमेची बाजू झापांनी किंवा ताडपत्रीने झाकावी व उरलेल्या बाजूंनी वारा खेळता ठेवावा. कोंदट जागेत मुताचा उग्र वास साचतो, डोळ्यांतून व नाकातून पाणी वाहते आणि घोड्याची छाती बिघडते. माणसाला आत पाच मिनिटे उभे राहणे असह्य होत असेल, तर ती जागा घोड्यालाही योग्य नाही, ही सोपी कसोटी होय. अंथरुणासाठी भातगिरणीतील कोरडे तूस चालते. ओले झालेले तूस रोज सकाळी काढून टाकावे व त्या जागी कोरडे घालावे.

वैरणीच्या बाबतीत, पेंढ्याची व गवताची उडवी जमिनीवर न रचता लाकडाच्या किंवा दगडांच्या माचावर रचावी. घोड्याचे पोट गाईबैलांच्या पोटासारखे नसते. गाय रवंथ करते व पुष्कळसा निकृष्ट चारा पचवू शकते. घोड्याला ते जमत नाही, आणि घोड्याला उलटीही होत नाही. त्यामुळे एकदा पोटात गेलेला बुरसटलेला चारा बाहेर पडण्यास वरचा मार्ग नसतो. बुरशी आलेल्या पेंढ्याने पोटशूळ होतो आणि त्याच्या धुळीने दम लागतो. म्हशीने खाल्ला म्हणून घोड्यालाही चालेल, असा हिशेब करू नये.

जनावराच्या बाबतीत, पावसापूर्वी पशुवैद्यकीय दवाखान्यात नेऊन त्याची तपासणी करून घ्यावी. धनुर्वाताची लस टोचून घ्यावी, शेण तपासून जंतांचे औषध द्यावे आणि दातांच्या कडा पाहून घ्याव्यात. दातांच्या कडा धारदार झाल्या की गाल व जीभ कापते, घोडा घास अर्धवट चावून तोंडातून टाकतो आणि चंदी खाऊनही वाळत जातो.

वजन व खुराक

किती खाऊ घालावयाचे हे जनावराच्या वजनावर ठरते. काटा नसला तरी टेपने वजनाचा अंदाज येतो. पुढच्या पायांच्या मागून छातीचा घेर सेंटीमीटरमध्ये मोजावा. तसेच खांद्याच्या पुढच्या टोकापासून ढुंगणाच्या मागच्या टोकापर्यंतची लांबी मोजावी. घेराला घेराने गुणून त्याला लांबीने गुणावे व येणाऱ्या संख्येला ११,८८० ने भागावे. उत्तर किलोमध्ये मिळते. उदाहरणार्थ, घेर १४० व लांबी १२५ सेंटीमीटर असेल, तर वजन सुमारे २०६ किलो येते. पंधरा दिवसांनी एकदा असे माप घेऊन भिंतीवर खडूने लिहून ठेवावे. रोज पाहणाऱ्याच्या डोळ्याला न कळणारी घट किंवा वाढ या आकड्यांवरून कळते.

घोड्याला दिवसाकाठी त्याच्या वजनाच्या सुमारे दोन ते अडीच टक्के कोरड्या मापाचा चारा लागतो. वर सांगितलेल्या २०० किलोच्या तट्टाला बेकारीच्या दिवसांत वाळलेले गवत व पेंढा मिळून २ ते २.५ किलो आणि हिरवे गवत ८ ते १० किलो पुरे होते. काम चालू असताना वाळलेले गवत ३ ते ३.५ किलो व चंदी १ ते १.५ किलो द्यावी. चंदीत भरडलेले सातू किंवा ओट व त्यात थोडा भिजवून भरडलेला हरभरा असावा. ती दोन किंवा तीन वेळांत विभागून द्यावी. एकाच वेळी सगळी देऊ नये. घोड्याचे जठर लहान असते आणि निसर्गतः तो दिवसभर थोडेथोडे खाणारा प्राणी आहे. म्हणून चाराही तीन-चार वेळा घालावा व रात्रीचा घास सर्वांत मोठा ठेवावा.

या भागात दोन चुका विशेष करून होतात. पहिली चूक म्हणजे केवळ भाताचा पेंढा व कोंडा यांवर घोडा पोसणे. ही दोन्ही घरची असल्यामुळे स्वस्त पडतात. परंतु पेंढ्यात पोषण कमी असते आणि त्यातील काही द्रव्ये चुना अंगी लागू देत नाहीत. कोंड्यात स्फुरद फार व चुना अगदी थोडा असतो. या दोहोंचा मेळ झाला म्हणजे शरीर आपल्या हाडांतील चुना काढून घेऊ लागते. हाडे ठिसूळ होतात, जबड्याची व नाकाची हाडे फुगतात, घोडा कारणाशिवाय पाय बदलून लंगडू लागतो. पूर्वी पीठगिरण्यांच्या घोड्यांना हा विकार होत असे, कारण त्यांना कोंडा मुबलक मिळे. त्यावर उपाय सोपा आहे. वैरणीत पेंढा निम्म्याहून अधिक नसावा; उरलेले वरकस जमिनीवरील वाळलेले गवत असावे. भातानंतर वाल घेतला जातो, त्याचा कोरडा पाला-भुसा जपून ठेवून चाऱ्यात मिसळावा. कोंडा द्यावयाचाच तर मूठ-दोन मुठी द्यावा व पशुवैद्याच्या सल्ल्याने त्यासोबत खाद्याच्या प्रतीची चुनखडीची पूड द्यावी.

दुसरी चूक म्हणजे काम बंद झाले तरी चंदी चालू ठेवणे. ही चूक प्रेमापोटी होते. उभ्या जनावराला दाणा व कोवळे हिरवे गवत भरपूर मिळाले म्हणजे टापांच्या आतील नाजूक भागास दाह होतो. टापा गरम लागतात, घोडा पुढचे पाय पुढे टाकून मागच्या पायांवर भार घेतो व चालावयास नाखूष असतो. असा घोडा पुढे कायमचा अधू होण्याचा संभव असतो. दुसरा धोका असा की, भरपूर दाणा खाऊन उभा असलेला घोडा एकाएकी कामाला लावला तर त्याच्या मागच्या भागाचे स्नायू ताठतात, घाम फुटतो आणि लघवी कॉफीच्या रंगाची होते. अशा वेळी त्याला एक पाऊलही चालवू नये. जागीच उभे ठेवून पशुवैद्यास बोलवावे. यावरून नियम ध्यानी ठेवावा: चंदी कामाच्या मागून वाढवावी आणि कामाच्या आधी कमी करावी. एक दिवसाची सुटी असली तरी त्या दिवशीची चंदी निम्मी करावी. चार महिन्यांच्या सुटीत चंदी हळूहळू बंद करावी. केवळ अशक्त, गाभण किंवा दूध पाजणाऱ्या घोडीस ती पशुवैद्याच्या सल्ल्याने चालू ठेवावी.

तट्टाला दिवसास २० ते २५ लिटर स्वच्छ गोडे पाणी लागते. उन्हात काम असेल तर त्याहून अधिक लागते. पेणच्या खार भागातील गावांत उन्हाळ्यात गोड्या पाण्याची टंचाई असते. मचूळ पाणी घोडा पोटभर पीत नाही. पाणी कमी पडले म्हणजे कोरडी वैरण आतड्यात अडकून पोटशूळ होतो. म्हणून टंचाईच्या दिवसांत घोड्याचा वाटा आधी बाजूस ठेवावा. पाणी आधी, नंतर वैरण आणि शेवटी चंदी, हा जुना क्रम आजही योग्य आहे. रोज सुमारे २५ ते ३० ग्रॅम मीठ द्यावे. घामाच्या दिवसांत ते वाढवावे.

कोंबड्यांचे किंवा गाईगुरांचे तयार खाद्य घोड्याला कदापि घालू नये. त्यांपैकी काहींत मोनेन्सीन हे औषध मिसळलेले असते. कोंबडीला व गुरांना ते चालते. घोड्याच्या हृदयावर मात्र त्याचा घातक परिणाम होऊन मृत्यू येतो. तसेच युरियाची प्रक्रिया केलेला पेंढा गुरांसाठी आहे, घोड्यासाठी नाही. कुंपणाला लावलेल्या कण्हेरीची छाटणी घोड्याच्या आवाक्यात टाकू नये. तिची थोडी पानेही प्राणघातक ठरतात.

टापांची निगा

टाप गेली तर घोडा गेला, असे म्हणण्यात अतिशयोक्ती नाही. पावसाळ्यात टापेचे शिंग पाणी शोषून मऊ होते. टापेच्या तळव्यात मध्यभागी जो त्रिकोणी, रबरासारखा मऊ भाग असतो, त्याच्या दोन्ही बाजूंच्या खाचांत शेण व चिखल दाटून बसतो. तेथे हवा न लागल्यामुळे सडण्याची क्रिया सुरू होते. काळा, दुर्गंधी स्राव येऊ लागला की रोग जडला असे समजावे.

त्यासाठी सकाळी व संध्याकाळी चारही टापा उचलून बोथट आकड्याने साफ कराव्यात. आकडा टाचेकडून पुढे ओढावा. साफ केल्यावर टाप धुऊन कोरड्या फडक्याने पुसावी. ओली ठेवू नये. सडण्याची सुरुवात दिसल्यास पशुवैद्याच्या सल्ल्याने एक लिटर पाण्यात २० ग्रॅम मोरचूद विरघळवून कापसाच्या बोळ्याने खाचांत लावावे. दिवसातून निदान काही तास घोडा कोरड्या, टणक जागी उभा राहील अशी सोय करावी. तबेल्यासमोर मुरूम व खडी यांची लहानशी फरसबंदी केली तरी पुष्कळ काम होते.

काम बंद असताना नाल काढून टाकावेत, म्हणजे तळव्याचा मऊ भाग जमिनीस टेकून मजबूत होतो. नाल काढले तरी सहा ते आठ आठवड्यांनी टापा तासून घ्याव्या लागतात. कामाच्या दिवसांत नाल चार ते सहा आठवड्यांनी बदलावेत. नालबंद प्रत्येक गावी मिळत नाही. म्हणून चार-पाच घोडेवाल्यांनी मिळून एक दिवस ठरवून त्यास बोलवावे. खर्च वाटला जातो आणि टापांची वेळही चुकत नाही.

पायाच्या खालच्या भागाकडेही लक्ष द्यावे. चिखलात काम करणाऱ्या माणसाच्या पायांना जशा चिखल्या होतात, तसाच विकार घोड्याच्या टाचेच्या खळगीत होतो. कातडी लाल होते, भेगा पडतात, खपल्या धरतात. चिखल ओला असताना पाय खसाखसा घासू नयेत. पाण्याने धुवावेत व कोरडे करावेत.

खरारा व रोजचा क्रम

खरारा हा केवळ रूपासाठी नसतो. खरारा करताना हात अंगभर फिरतो आणि जखम, गाठ, सूज, ऊन लागलेली जागा, गोचीड हे सर्व लवकर सापडते. रोज पंधरा मिनिटे खरारा करावा. पुढच्या पायांच्या केसांवर पिवळसर बारीक अंडी चिकटलेली दिसल्यास ती खरवडून काढावीत. घोड्याने चाटल्याने त्यांतील अळ्या पोटात जाऊन जठराला चिकटतात.

कामाच्या दिवसांत रोजचा क्रम ठरलेला असावा. पहाटे पाणी व गवत, नंतर टापा व खरारा, मग थोडी चंदी. चंदीनंतर निदान एक तास विश्रांती आणि मगच काम. काम संपल्यावर खोगीर अथवा साज उतरवून पाठीवर हात फिरवावा. गरम अंगाने आलेल्या घोड्याला सावकाश फिरवावे, थोडेथोडे पाणी पाजावे व श्वास स्थिर झाल्यावर वैरण घालावी. चंदी सुमारे एक तासाने द्यावी. बेकारीच्या दिवसांत यातील चंदी व काम वगळावे. बाकीचा क्रम तसाच ठेवावा. पाऊस उघडेल तेव्हा अर्धा तास तरी घोड्याला हाती धरून फिरवावे. दिवसचे दिवस एका जागी बांधलेला घोडा लाकूड चावतो, एका जागी झुलत राहतो आणि स्वभावाने चिडखोर बनतो.

बेकारीच्या दिवसांतील शिक्षण

पावसाळ्यात मालकाला मिळकत नसते, परंतु जनावराला वेळ असतो. शिंगराला शिकविण्यास व मोठ्या जनावराच्या वाईट सवयी मोडण्यास हाच काळ उत्तम होय. त्यास पैसा लागत नाही, नियमितपणा लागतो.

घोड्याचा स्वभाव समजून घेतल्याशिवाय शिक्षण साधत नाही. घोडा हा भित्रा व पळून जीव वाचविणारा प्राणी आहे. त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंस असल्याने त्याला बाजूंचे पुष्कळ दिसते. परंतु नाकाच्या अगदी समोरचे व शेपटीमागचे दिसत नाही. म्हणून त्याच्याकडे डाव्या खांद्याच्या रोखाने, आवाज देत जावे. मागून एकाएकी हात लावल्यास तो लाथ मारतो. तो दुष्टपणा नसून भीती होय.

शिंगरू जन्मल्यापासून त्याच्या अंगावर हात फिरवावा. पहिल्या वर्षात त्याने गळ्यातील दोर मानावा, हाती धरून चालावे व चारही पाय उचलू द्यावेत, एवढे पुरे. दोन वर्षांच्या सुमारास लांब दोरीवर वर्तुळात फिरविण्यास सुरुवात करावी. यास जुने लोक कावा देणे म्हणतात. दोन्ही बाजूंनी सारखा कावा द्यावा, पण कोवळ्या सांध्यांवर ताण येईल इतका वेळ देऊ नये. पाठीवर स्वार किंवा ओझे तीन वर्षांपूर्वी घालू नये. पूर्ण कामाला चौथे वर्ष योग्य. लवकर कामाला लावलेले शिंगरू दोन वर्षे आधी कमावते आणि दहा वर्षे आधी निकामी होते, हा हिशेब नीट ध्यानात घ्यावा.

शिकविण्याची रीत अशी: एका वेळी एकच गोष्ट शिकवावी. धडा पंधरा-वीस मिनिटांचा असावा. शब्द ठरलेले असावेत व घरातील सर्वांनी तेच वापरावेत. एकाने ‘थांब’ म्हणावे व दुसऱ्याने केवळ लगाम खेचावा, असे झाल्यास जनावर गोंधळते. लगामाचा ताण ही सूचना आहे, शिक्षा नव्हे. घोड्याने ऐकताच त्याच क्षणी ताण सैल करावा. ताण सैल होणे हेच त्याचे बक्षीस असते. ते उशिरा मिळाले तर कशाबद्दल मिळाले हे त्याला कळत नाही. मारल्याने घोडा शिकत नाही. मारणाऱ्या हाताला भिण्यास मात्र शिकतो. शेवट नेहमी त्याला येणाऱ्या सोप्या गोष्टीने करावा.

गाडीस जुंपण्याचे शिक्षण पायरीपायरीने द्यावे. आधी नुसता साज अंगावर घालून फिरवावे. नंतर मागे हलके लाकूड किंवा जुना टायर ओढावयास लावावा, म्हणजे मागच्या आवाजाची सवय होते. मग रिकामी गाडी आणि शेवटी माणसे. वरातीच्या घोडीला वाजंत्री, फटाके व विजेचे दिवे यांची सवय लागते. प्रथम आवाज दूर ठेवावा व घोडी शांतपणे गवत खात असता तो थोडाथोडा जवळ आणावा. तिने कान टवकारून अंग ताठ केले की तेथेच थांबावे. मुंबई–गोवा महामार्ग या दोन्ही तालुक्यांतून जातो; अवजड मोटारी व कर्कश भोंगे यांची सवय नसलेले जनावर महामार्गावर नेणे हा माणूस व जनावर दोघांच्याही जिवाशी खेळ आहे. तिन्हीसांजेनंतर जावेच लागले तर साजावर व गाडीच्या मागे चमकणाऱ्या पट्ट्या लावाव्यात.

दसरा ते तुळशीचे लग्न

दसऱ्याला घोड्याच्या गळ्यात हार घालून त्याची पूजा करण्याची रीत जुनी आहे. त्याच दिवसापासून त्याला कामासाठी तयार करण्यास आरंभ करावा. दसऱ्यापासून तुळशीच्या लग्नापर्यंत सुमारे एक महिना मिळतो आणि लग्नसराई त्यानंतरच सुरू होते. ज्यांचे काम दिवाळीतच सुरू होते, त्यांनी गणपती विसर्जनानंतर लगेच ही तयारी सुरू करावी.

पहिल्या आठवड्यात रोज अर्धा तास केवळ चालवावे. दुसऱ्या आठवड्यात वेळ एक तासापर्यंत वाढवून मधूनमधून थोडी दुडकी चाल घ्यावी. तिसऱ्या आठवड्यात नाल बसवून साज किंवा खोगीर घालून हलके काम द्यावे. चौथ्या आठवड्यात रिकाम्या गाडीने किंवा हलक्या स्वाराने नेहमीच्या वाटेवर न्यावे. चंदी याच क्रमाने, थोडीथोडी वाढवावी. चार महिन्यांत जनावराची अंगकाठी बदललेली असते. त्यामुळे गेल्या मोसमात बरोबर बसणारे खोगीर या वर्षी लागत नाही ना, हे पाहावे. खोगिराची कमान खांद्यांमधील उंचवट्याला टेकता कामा नये. तंगाखालची कातडी महिनाभरात पुन्हा घट्ट होते. पहिल्याच दिवशी तंग आवळल्यास ती सोलते आणि जखम बरी होईपर्यंत हंगाम निघून जातो.

ओळखण्याजोगे आजार

निरोगी घोड्याचे तापमान ९९.५ ते १०१.५ अंश फॅरनहाइट असते. विश्रांतीत नाडीचे ठोके मिनिटास २८ ते ४४ व श्वास ८ ते १६ असतात; लहान तट्टांत नाडी थोडी अधिक असू शकते. ही मापे जनावर बरे असताना घेऊन ठेवावीत, म्हणजे आजारपणी तुलना करता येते.

पोटशूळात घोडा पोटाकडे वळून पाहतो, जमीन उकरतो, लोळतो, शेण टाकत नाही. वैरण काढून घ्यावी, शक्य असल्यास सावकाश फिरवावे व ताबडतोब पशुवैद्यास बोलवावे. नळीने किंवा बाटलीने तेल वा काढा बळेच पाजू नये; तो फुप्फुसात जाऊन जनावर दगावते.

सर्रा हा रोग चावणाऱ्या मोठ्या माश्यांमुळे पसरतो व पावसाळ्यात आणि त्यानंतर अधिक दिसतो. ताप येतो व जातो, घोडा खातो पण वाळतो, पायांवर व पोटाखाली सूज येते, मागील भाग डळमळतो. रक्त तपासल्याशिवाय निदान होत नाही; वेळीच औषध मिळाल्यास जनावर वाचते. शेणाचा उकिरडा तबेल्यापासून दूर ठेवावा व संध्याकाळी धूर करावा.

ग्लँडर्स हा रोग थोडा आढळतो, पण तो माणसालाही होतो व प्राणघातक आहे. एका किंवा दोन्ही नाकपुड्यांतून चिकट स्राव, नाकात व्रण, पायांवर रांगेने गाठी, ही त्याची लक्षणे होत. संशय येताच जनावर वेगळे बांधावे, त्याची विक्री किंवा वाहतूक करू नये व दवाखान्यास कळवावे. जनावरांतील सांसर्गिक रोगांविषयीच्या २००९ च्या कायद्यानुसार हा रोग कळविणे बंधनकारक आहे.

तळव्यात खिळा रुतल्यास जखम लहान दिसली तरी धनुर्वाताचा धोका मोठा असतो. त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

कायद्याच्या मर्यादा

प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० चा असून ओझी वाहणाऱ्या व गाडी ओढणाऱ्या जनावरांसंबंधीचे नियम १९६५ चे आहेत. त्यांनुसार तट्टाच्या पाठीवर ७० किलोंहून अधिक ओझे लादता येत नाही. दुचाकी गाडीस हवेचे टायर असल्यास तट्टास ६०० किलो व नसल्यास ४०० किलो ही कमाल मर्यादा आहे. दिवसात एकूण नऊ तासांहून अधिक व विश्रांतीशिवाय सलग पाच तासांहून अधिक काम घेता येत नाही. तापमान ३७ अंश सेल्सिअसच्या वर जाते तेथे दुपारी बारा ते तीन या वेळेत काम घेण्यास मनाई आहे. काटेरी लगाम वापरणे हाही गुन्हा आहे. या मर्यादा कमाल आहेत. अशक्त, आजारी किंवा नुकत्याच कामावर आणलेल्या जनावरास त्याहून पुष्कळ कमी काम द्यावे.

नियमांकडे दुर्लक्ष केल्यास काय होते, याचे उदाहरण दूर नाही. मुंबईतील व्हिक्टोरिया गाड्या २०१५ मध्ये उच्च न्यायालयाने बेकायदेशीर ठरविल्या व एका वर्षात बंद करण्यास सांगितले. घोड्यांची हलाखी व तबेल्यांची दुरवस्था हे त्या प्रकरणातील प्रमुख मुद्दे होते. जनावराची स्थिती लोकांच्या डोळ्यांसमोर असते. ती चांगली असेल तर धंद्यालाही संरक्षण मिळते.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांचे काम

कार्यकर्त्याने आपल्या गटातील घोडी व तट्टे यांची यादी करावी; ती थोडी असल्यामुळे हे काम एका दिवसाचे आहे. मे महिन्यात, नागपंचमीच्या सुमारास व दसऱ्याला अशा तीन भेटी द्याव्यात. पहिल्या भेटीत जोते, उडवी व लस पाहावी. दुसरीत टापा व वजनाचा आकडा पाहावा. तिसरीत खोगीर, नाल व कामाचा क्रम पाहावा. आजारी जनावरासाठी जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याशी अथवा १९६२ या क्रमांकावर फिरत्या पथकाशी संपर्क साधण्यास मालकास शिकवावे. घोडा ज्याच्या हाती असतो त्याच्याशी बोलावे. पुष्कळ घरी तो मालक नसून मोतद्दार किंवा घरातील मुलगा असतो. लावणीच्या दिवसांत घरातील सर्व माणसे खाचरात असतात. त्या दिवसांत टापा व पाणी कोणी पाहावयाचे हे आधीच ठरवून घ्यावे.

या सर्व निगेला दिवसाकाठी एक तासाहून फार अधिक वेळ लागत नाही. आकडा, फडके, खरारा, टेप व दोरी एवढीच साधने लागतात. ज्या घराची आठ महिन्यांची मिळकत एका जनावराच्या चार पायांवर उभी आहे, त्या घराने पावसाळ्याच्या चार महिन्यांत तो एक तास दिला, तर तुळशीच्या लग्नानंतर पहिली वरात निघेल तेव्हा घोडी लंगडत नाही, तिची पाठ स्वच्छ असते आणि वाजंत्र्यांच्या आवाजात ती शांत चालते.